नावांची भिंत

आमच्या सरांना वेडे म्हणणारे लोक अलीकडे वाढले आहेत. त्यांतल्या निम्म्यांचा पगार सरांनी बनवलेल्या गेममधून निघतो.

गेल्या महिन्यात गोरेगावला गेम बनवणाऱ्यांचा एक मेळावा झाला. आमच्या कंपनीचे भागीदार माइक घेऊन व्यासपीठावर गेले आणि त्यांनी सरांचे किस्से सांगितले. सर भिंतींना हातोडी मारून कान लावायचे. सर शुक्रवारी गच्चीवर संडासाची भांडी फोडायचे. सर माणसांना गावाच्या नावाने हाक मारायचे. हॉल हसत होता. शेवटी भागीदार म्हणाले, "माणूस जीनियस होता, पण थोडासा..." आणि त्यांनी कानशिलाजवळ बोट फिरवलं. टाळ्या पडल्या.

मी सहाव्या रांगेत होतो. मी उठलो नाही, बोललो नाही. ते तेव्हा जमलं नाही म्हणून आता लिहितो आहे. किस्से खोटे नव्हते. पण प्रत्येकाचा शेवट कापलेला होता, आणि शेवट कापला की कुठलाही माणूस वेडाच दिसतो.

गेमचं नाव 'भुगा'. ज्यांनी खेळलेला नाही त्यांना थोडक्यात सांगतो. एक लहानखुरी बाई आहे, हातात तिच्याहून मोठा घण. ती धावते, उड्या मारते, भिंतीवर पाय देऊन वर चढते आणि वाटेत येईल ते फोडते. दारं, खिडक्या, पाण्याच्या टाक्या, जिने, अख्खे मजले. थांबलात की वरचा स्लॅब डोक्यावर आलाच. एका इमारतीला नव्वद सेकंद. इतका वेगवान गेम आहे की पहिल्यांदा खेळणारा माणूस नंतर पाच मिनिटं हाताचे तळवे चोळत बसतो.

आणि हा गेम ज्यांनी बनवला त्यांना मरोळच्या औद्योगिक वसाहतीतला आमचा दुसरा मजला चढायला दहा मिनिटं लागायची. गुडघे दुखायचे म्हणून नाही. प्रत्येक वळणावर थांबून ते जिन्याच्या भिंतीला हातोडी लावायचे.

गेममध्ये येण्याआधी सर इमारत-दुरुस्तीच्या एका कंपनीत होते. अंधेरीपासून मुलुंडपर्यंतच्या जुन्या सोसायट्यांची तपासणी करायचं काम. खिशात एक छोटी हातोडी. खांबावर ठोकायचं आणि ऐकायचं. ठणठणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर आत पोकळी आहे, गिलावा सुटला आहे, सळी गंजली आहे. आयुष्य असं ठोकण्यात गेलं. पन्नाशीत एकदा त्यांनी मुलीच्या कॉम्प्युटरवर कुठलातरी मारधाडीचा गेम पाहिला. त्यात भिंत काचेसारखी फुटत होती. सर भयंकर चिडले. "हा भिंतीचा अपमान आहे," म्हणाले. मुलीचीच पुस्तकं घेऊन प्रोग्रामिंग शिकायला बसले, ते 'भुगा' होईपर्यंत उठले नाहीत.

माझी मुलाखत त्यांनीच घेतली. मी मेहकरचा. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो, घरातला पहिला पदवीधर. मुंबईत आल्यावर नऊ ठिकाणी मुलाखती दिल्या होत्या आणि घाटकोपरला मामेभावाच्या खोलीत राहत होतो. वडील काय करतात हा प्रश्न सगळीकडे येतो, त्यामुळे त्याचं उत्तर मी पाठ करून ठेवलं होतं.

"बांधकाम क्षेत्रात आहेत."

"क्षेत्रात म्हणजे?" सर म्हणाले. "बिल्डर आहेत, सेंट्रिंगवाले आहेत, की गवंडी?"

"गवंडी."

"वीटकाम की प्लास्टर?"

"दोन्ही. पण वीटकाम जास्त चांगलं आहे त्यांचं."

"तुला येतं?"

"सुट्टीत त्यांच्या हाताखाली जायचो. माल कालवायचो. नंतर भिंत सरळ येतेय का बघायला ओळंबा धरायचो."

"ओळंबा धरायचास!" सर भागीदारांकडे वळले. "याला घ्या."

"काका, त्याची कोडिंगची टेस्ट राहिलीय अजून," भागीदार म्हणाले. सरांना ते काका म्हणायचे.

"ती तुम्ही घ्या. माझी झाली."

तोपर्यंत 'गवंडी' हा शब्द मी एसी असलेल्या खोलीत कधी उच्चारला नव्हता. त्या दिवशी तो माझ्या पदवीच्या वर जाऊन बसला. याची परतफेड होत नसते. मी तर ती उलटीच केली. ते पुढे येईलच.

दुसऱ्या दिवसापासून मी 'मेहकर' झालो. चित्रं काढणारी शीतल मालवणची, पण वाढली भांडुपला, म्हणून ती 'भांडुप'. भागीदार 'सांताक्रूझ'. पाहुण्यांसमोर, पैसे लावणाऱ्यांसमोरसुद्धा सर हाक मारायचे, "ओ सांताक्रूझ, जरा इकडे या." भागीदारांचे कान लाल व्हायचे. हा किस्सा मेळाव्यात सगळ्यात जास्त चालला.

त्याचा कापलेला शेवट असा. शीतलने एकदा सरांना विचारलं होतं, "काका, आईवडिलांनी एवढं प्रेमाने नाव ठेवलंय माझं, ते का नाही घेत?"

सर म्हणाले, "एका साइटवर परांचीवरून माणूस पडला. मुकादमाला त्याचं नाव माहीत होतं, राजू. असे चार राजू होते तिथे. गाव कुणालाच माहीत नव्हतं. घरी कळवायला दोन दिवस लागले. मी आधी गाव विचारतो, भांडुप. नाव काय, नंतर येतंच."

परांची म्हणजे बाहेरून बांधलेलं बांबूंचं मचाण. त्या दिवसापासून शीतल 'भांडुप' या हाकेला ओ द्यायला लागली.

दुसरा किस्सा मालाडचा. भागीदारांनी तिथे नव्या टॉवरमध्ये एकोणिसाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला आम्ही सगळे गेलो. सर पेढा तोंडात टाकून हॉलमध्ये फिरले, टीव्हीमागच्या महागड्या टाइलच्या भिंतीपाशी थांबले आणि खिशातून हातोडी काढली.

"काका, प्लीज, आज नको," भागीदार म्हणाले.

टक, टक, टक. सगळे पाहुणे बघत होते. सरांनी भिंतीला कान लावला.

"बद्द," ते म्हणाले. "सांताक्रूझ, ही भिंत तुमची नाही. हिच्याखाली कुणी झोपू नका."

भागीदारांच्या सासूबाईंनी शुभकार्यात असं बोलतात का म्हणून पदर डोळ्याला लावला. शीतल माझ्या कानात म्हणाली, "चल रे, जेवण मिळायच्या आधी हाकलतील आपल्याला." मेळाव्यातला किस्सा इथे संपला. प्रत्यक्षात तो चार महिन्यांनी संपला, जेव्हा त्या भिंतीच्या वरच्या दोन रांगा टाइल्स सोफ्यावर कोसळल्या. सासूबाई नुकत्याच तिथून उठून आत गेल्या होत्या. हे मला भागीदारांनीच सांगितलं होतं. मेळाव्यात मात्र ते विसरले.

शुक्रवारी गच्चीवर वस्तू फुटायच्या, तेही खरं. साकीनाक्याच्या भंगारवाल्याकडून सर काहीबाही आणायचे. मोडकी दारं, बेसिन, कुंड्या, सिमेंटचे पत्रे. पण घण हातात घ्यायच्या आधी प्रत्येकाने कागदावर चित्र काढायचं की ही वस्तू कशी फुटेल. पहिला तडा कुठे, तुकडे किती, कुठला तुकडा किती लांब. मग फोनवर सावकाश चालणारं चित्रीकरण करत फोडायचं आणि कागद ताडून बघायचे. ज्याचा कागद चुकला त्याने तो ऑफिसच्या भिंतीवर स्वतः चिकटवायचा. सगळ्यात जास्त चुकलेले कागद सरांचे होते आणि त्यांच्या खाली त्यांची मोठी सही असायची.

वसाहतीचा वॉचमन एकदा वर आला. "साहेब, खालच्या खोक्यांच्या कारखान्यातले विचारतात, तुमची कंपनी नक्की काय बनवते? मी सांगतो कॉम्प्युटर, ते म्हणतात मग वरून संडास का फुटतायत?"

"काय सांगितलंस मग?"

"म्हटलं, मोठे साहेब रागीट आहेत."

"बरोबर सांगितलंस," सर म्हणाले आणि त्याच्या हातात कागद दिला. "हे बेसिन आहे. कसं फुटेल सांग."

वॉचमनने काढलेलं चित्र बरोबर निघालं. महिनाभर आम्हाला ते ऐकून घ्यावं लागलं.

लोक विचारतात, एवढं करून काय मिळालं? 'भुगा' खेळून बघा. त्यातली काच काचेसारखी फुटते, कौल कौलासारखं, आणि लाकडी दार आधी बिजागरीतून निखळतं. बटण दाबल्यापासून फुटेपर्यंत क्षणाचाही उशीर नाही. सर डोळे मिटून खेळणाऱ्याच्या मागे उभे राहायचे, बटणाचा टक आणि फुटण्याचा आवाज ऐकायचे. "बोट आणि भिंत यांच्यात कुणी येता कामा नये," हे त्यांचं म्हणणं. जरासा उशीर झाला की, "कोण आलं मध्ये? मेहकर, शोध." मी शोधायचो. कुठेतरी चार ओळी जास्तीच्या असायच्या. त्यांना ते कानाने कळायचं, मला मशीन लावून अर्धा दिवस लागायचा.

फक्त एक गोष्ट जमत नव्हती. विटेची भिंत. घण बसला की आमच्या सगळ्या विटा एकदम तुकडे तुकडे व्हायच्या. सर खूश नव्हते, पण चूक सापडत नव्हती. एक दिवस ते माझ्या खुर्चीपाशी आले. "तुझ्या वडिलांना फोन लाव."

मी घाबरलो. वाटलं, माझी तक्रार करणार.

बाबा कामावर होते, मागे मालाचं घमेलं आपटल्याचा आवाज येत होता. सरांनी फोन हातात घेतला, नमस्कार केला आणि विचारलं, "किसनराव, विटेची भिंत घणाने पाडली तर आधी काय होतं?"

बाबा त्यांना म्हणाले, "वीट नाई फुटत बाप्पा. सांधा सुटते पयले. वीट अख्खी पडते, मंग खाली येऊन फुटते. आन् वरचा थर जरा दम खाते. खालचा गेला हे त्याले उशिरा कयते."

सर फोन कानाला धरून उभेच होते. मग त्यांनी पांढऱ्या फळ्यावर लिहिलं : सांधा आधी. वरच्या थराला उशिरा कळतं. आणि खाली : किसन, गवंडी, मेहकर. ते त्यांनी कुणाला पुसू दिलं नाही.

त्या फळ्यावरून पुढे नावांची भिंत निघाली.

कुठलाही गेम संपला की बनवणाऱ्यांची नावं वर सरकत जातात आणि कुणीही ती वाचत नाही. सरांनी शेवटी एक भिंत बांधली. सगळं शहर फोडून झाल्यावर ती बाई एका मोकळ्या मैदानात येते आणि समोर विटांची एक साधी भिंत असते. प्रत्येक विटेवर एक नाव आणि गाव. आमची सगळ्यांची नावं होती, आणि साकीनाक्याचा भंगारवाला, वॉचमन, जेवणाच्या सुट्टीत वर येऊन गेम खेळून बघणाऱ्या खोक्यांच्या कारखान्यातल्या पाच बायका, आमचा चहावाला, बाबा. तुम्ही घण मारलात की ज्या विटेवर बसेल ते नाव उजळायचं, भिंत ठणठणीत वाजायची आणि उभी राहायची. कितीही मारा. शेवटी खेळणाऱ्याला कळायचं की इथे घण खाली ठेवायचा. ठेवला की गेम संपायचा.

आम्ही ते पहिल्यांदा खेळलो तेव्हा शीतल स्वतःचं नाव पाच वेळा वाजवून म्हणाली, "काका, हे एकच काम झालं ज्यात भांडुप लिहिलेलं आवडलं मला."

सरांनी बाबांना स्वतः फोन करून सांगितलं होतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

मग गेम बाजारात आणणाऱ्या परदेशी कंपनीचं पत्र आलं. शेवटची भिंत खेळणाऱ्याचा विरस करते, असं त्यात होतं. फोडण्याच्या गेममध्ये न फुटणारी वस्तू हा दोष समजला जाईल. सरांनी पत्र वाचलं, 'नाही' म्हणाले आणि विषय त्यांच्यापुरता संपला. त्याच आठवड्यात त्यांच्या पत्नीच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि ते तीन दिवस रजेवर गेले.

भागीदारांनी मला काचेच्या केबिनमध्ये बोलावलं. हेही लिहायला हवं की त्यांनी आमचा पगार कधी एक दिवस चुकवला नाही. माणूस वाईट नव्हता. घाईत होता.

"लोक दहा तास फोडत फोडत येणार, आणि शेवटी फुटतच नाही? सांग ना यार, तुला तरी पटतं का? ती भिंत फुटली पाहिजे. प्रत्येक नावाला पन्नास गुण देऊ. लोक वेडे होतील."

"सरांना विचारून..."

"बायको ऑपरेशन थिएटरमध्ये आहे, आणि मी त्यांना भिंतीचं विचारू? काहीतरीच काय. एक आकडा बदलायचाय रे. काकांना मी समजावतो." मग समोरचा कागद सरळ करत म्हणाले, "आणि हो, तुला कायम करायचं पत्र माझ्या टेबलावरच आहे. उद्या सही करतो. त्याचा याच्याशी काही संबंध नाही हं."

आमच्या गेममध्ये प्रत्येक भिंतीपुढे तिची ताकद लिहिलेली असते. विटेला तीस, काँक्रीटला दोनशे. नावांच्या भिंतीपुढे सरांनी आकडाच लिहिला नव्हता. 'फुटत नाही' एवढं लिहिलं होतं. ते पुसून मी तिथे चाळीस लिहिलं.

मला कुणी दमदाटी केली नव्हती. घरात पहिल्यांदा कायमची नोकरी येत होती आणि आईने ते आधीच गल्लीत सांगून टाकलं होतं. ही कारणं खरी आहेत आणि ती पुरेशी नाहीत.

यापुढे मी जे केलं ते कुणीच मागितलं नव्हतं. नुसता आकडा बदलला तर ती भिंत पिठासारखी भसकन उडत होती, कारण ती फुटण्यासाठी बांधलेलीच नव्हती. मला ते बघवेना. सरांच्या हाताखाली तयार झालेला माणूस चुकीची फुटणारी भिंत ठेवू शकत नाही. म्हणून मी दोन दिवस बसून प्रत्येक वीट वेगळी केली. सांधा आधी सुटेल, वीट अख्खी पडेल, तिच्यावरचं नाव जमिनीवर आपटेपर्यंत वाचता येईल, वरचा थर दम खाऊन मग येईल. अगदी बाबा म्हणाले होते तसं. ज्या भिंतीला हात लावायला नको होता, ती मी पूर्ण कौशल्य वापरून पाडली. भागीदार बघून म्हणाले, "झकास!" आणि पत्रावर सही केली.

चौथ्या दिवशी सर आले. नेहमीप्रमाणे सगळ्यांना गावाने हाका मारल्या, पत्नीला दिसायला लागलंय म्हणून सांगितलं आणि शेवटची पातळी लावून बसले. मी माझ्या खुर्चीत होतो. घणाचा आवाज आला. मग विटा पडल्याचा.

सरांनी पुन्हा लावलं. पुन्हा पाडलं. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"मेहकर, इकडे ये."

मी गेलो.

"सांधा आधी सुटला."

"हो सर."

"वरच्या थराला उशिरा कळलं."

"हो."

"हे दुसऱ्या कुणाला जमलं नसतं." ते पडद्याकडेच बघत होते. तिथे खाली बाबांची वीट दोन तुकडे होऊन पडली होती. "काम चांगलं केलंस रे. तेच वाईट झालं."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते उठून भागीदारांच्या केबिनमध्ये गेले. काच पातळ होती, सगळं ऐकू येत होतं.

"भिंत नको असेल तर काढून टाका," सर म्हणाले. "पण मग नावं पण काढा. सगळी. माझंही."

"काका, नावं हवीतच. त्यातच तर मजा आहे. प्रत्येकाला पन्नास गुण ठेवलेत."

"माणसाच्या नावाला?"

"गेम आहे, काका."

"मी आयुष्यभर भिंती तपासल्या, सांताक्रूझ. कुठली पाडायची आणि कुठली नाही हे सांगायचेच पैसे मिळायचे मला. ही पाडायची नाही."

"करार बघा तुम्ही. तो निर्णय कंपनीचा आहे."

करारात तसंच लिहिलं होतं. सरांनी त्यावर न वाचता सही केली होती. दुसऱ्यांच्या इमारतींचे कागद ते चार चार वेळा वाचायचे. ते केबिनमधून बाहेर आले, जिना उतरून गेले, आणि उतरताना एकदाही कुठे थांबले नाहीत. आम्हाला त्यांची पावलं शेवटच्या पायरीपर्यंत सलग ऐकू आली.

शीतल माझ्याकडे वळली. "तू केलंस? तू?"

मी मान डोलावली.

"कायम झाल्याचे पेढे आण हां," ती म्हणाली. "काकांच्या घरी आधी दे." महिन्याभरात तिने नोकरी सोडली. माझ्याशी ती अजून बोलत नाही, आणि तिचं बरोबर आहे.

'भुगा' धो धो चालला. लोक खेळतानाचे व्हिडिओ टाकायचे आणि सगळ्यात लोकप्रिय व्हायची ती शेवटची भिंत. एका व्हिडिओत एक तरुण ओरडत होता, "ये कौन है भाई, किसन गवंडी? ये ले! और ले!" घण बसत होता, आणि मागे त्याचे मित्र हसत होते. मेहकरला माझ्या चुलतभावाने तो बाबांना दाखवला. बाबांचा फोन आला.

"तुह्या गेममदी माझं नाव हाय म्हन्ते."

"आहे बाबा."

"मंग ते पोट्टं त्याच्यावर घन कायले मारून राह्यलं?"

"गेम आहे बाबा. तसंच असतं त्यात."

बाबा म्हणाले, "तुह्या सायबानं तं मले फोन करून सांगतलं होतं, भित पक्की हाय म्हनून."

मी त्यांना सांगितलं नाही की पक्की भिंत कुणी कच्ची केली. तीन वर्षं झाली, अजून सांगितलेलं नाही. सरांच्या मुलुंडच्या घरी मी दोनदा गेलो. दोन्ही वेळा त्यांनी दार उघडलं, चहा दिला, बाबा कसे आहेत विचारलं आणि गेमचा विषय निघाला की ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. माफी मागायलाही समोरच्याने जागा द्यावी लागते. मला ती मिळाली नाही, आणि ती मागायचा मला हक्कही नव्हता.

असं सगळं असताना त्या गोरेगावच्या हॉलमध्ये त्यांच्यावर हसतात! ज्यांच्या कानांवर यांचे फ्लॅट, यांचे पुरस्कार, यांचे सत्कार उभे आहेत, त्यांच्या नावाने कानशिलाजवळ बोट फिरवतात! आणि मी, त्यांचा शिष्य म्हणवणारा, सहाव्या रांगेत हात मांडीखाली घेऊन बसतो. त्या संध्याकाळी मला सगळ्यांचा राग आला होता, पण घरी पोहोचेपर्यंत उरला तो एकाच माणसाचा.

'भुगा'च्या सुधारणा लोकांपर्यंत पाठवायचं काम आता माझ्याकडे आहे. मागच्या आठवड्यात पाठवली त्या सुधारणेत मी नावांच्या भिंतीपुढचं चाळीस पुसलं आणि तिथे 'फुटत नाही' लिहिलं.

तिसऱ्या दिवशी भागीदारांनी केबिनमध्ये बोलावलं. "तक्रारी येतायत. शेवटची भिंत फुटत नाही म्हणे. काहीतरी दोष शिरलाय. संध्याकाळपर्यंत दुरुस्त कर."

"दोष तीन वर्षं होता," मी म्हणालो. "परवा दुरुस्त केला."

त्यांनी उठून केबिनचं दार लावलं. मग ते हळू आवाजात म्हणाले, "कुणाला विचारून?"

"तेव्हा तरी कुणाला विचारलं होतं?"

"राजीनामा लिही."

"मी नाही लिहिणार. काढायचं असेल तर तुम्ही काढा. आणि कशासाठी काढलं ते कागदावर लिहून द्या."

त्यांनी अजून लिहून दिलेलं नाही. उद्या देतील. माझ्या जागी दुसरा कुणी येईल आणि त्याला तो आकडा पुन्हा घालायला सांगतील. दोन मिनिटांचं काम आहे, मला माहीत आहे. त्याच्यासाठी मी प्रोग्राममध्ये त्या ओळीच्या वर मराठीत चार वाक्यं लिहून ठेवली आहेत. ही भिंत कुणी बांधली, सरांचं पूर्ण नाव आणि गाव. ती पहिल्यांदा कुणी पाडली, माझं पूर्ण नाव आणि गाव. ती पुन्हा कधी उभी केली. आणि शेवटी, यापुढे जो पाडेल त्याने इथे खाली आपलं नाव आणि गाव लिहावं, मग आकडा बदलावा.

आज सकाळी ऑफिसला पोहोचल्यावर आधी तेच उघडून पाहिलं. खालची जागा रिकामी आहे.